आमचं मत विचारा, पण नाव विचारू नका

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की तुमच्या पेपरात प्रवेशाच्या पुरवण्या सुरू होतात. पानभर रंगीत जाहिराती, मोठी बिल्डिंग, समोर हिरवळ, पांढरा अ‍ॅप्रन घालून टेस्ट ट्यूबकडे बघणारी मुलगी, नॅकची ग्रेड आणि खाली संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो. मी पण बारावीनंतर अशीच एक जाहिरात कापून वहीत ठेवली होती. त्या पुरवणीत प्राचार्यांची मुलाखत असते, करिअर कसं निवडायचं यावर लेख असतो, पण त्याच कॉलेजात तीन वर्षं काढलेल्या एखाद्या पोराला नाहीतर पोरीला कोणी विचारलंय की बाई तुझं कॉलेज खरं कसंय, असं मी आजपर्यंत एकदाही वाचलं नाही. म्हणून हे पत्र लिहितेय. लांब होणार आहे, सगळं छापता आलं नाही तरी सगळं वाचा एवढीच विनंती.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीबीझेड ग्रुप, म्हणजे केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी. घर तिथून एकोणीस किलोमीटर, रोज एसटीने जाणं-येणं.

मी एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला असताना आमच्याकडे नॅकची टीम येणार होती. नॅक काय असतं हे तेव्हा मला माहीतच नव्हतं, फक्त एवढं कळत होतं की भिंतींना रंग लागतोय, कुंड्या येतायत आणि सर लोक रात्री उशिरापर्यंत फायली लावत बसतात. नंतर वाचून कळलं की ही बंगळुरूची संस्था आहे, १९९४ ला सुरू झाली, कॉलेजांचं मूल्यांकन करते, तेव्हाच्या पद्धतीत सात निकष होते, चारपैकी गुण मिळायचे आणि ३.५१ च्या पुढे गेलं की ए डबल प्लस. २०१७ ला त्यांनी पद्धत बदलली तेव्हा त्यात एक गोष्ट मला तरी फार चांगली वाटते, ती म्हणजे विद्यार्थी समाधान सर्वेक्षण. मुलांच्या ईमेलवर थेट प्रश्न येतात. वर्गात सिलॅबस किती टक्के शिकवला, शिक्षक तयारी करून येतात का, समजेल असं सांगतात का, इंटर्नलचे मार्क न्यायाने देतात का, असे वीसेक प्रश्न आणि सगळ्यात शेवटी एक मोकळी जागा, तुमच्या तीन सूचना लिहा. ज्याने कोणी हे प्रश्न काढलेत त्याने मुलांचा विचार केलाय हे वाचताना समजतं.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. कॉम्प्युटर लॅबमध्ये तीस-तीस जणांना बसवलं. ज्यांच्याकडे ईमेल नव्हता त्यांचे ईमेल ऑफिसनेच काढून दिले होते आणि पासवर्ड एका रजिस्टरमध्ये लिहिलेले होते. एक सर समोर उभे राहिले आणि म्हणाले, सगळ्यात वरचा पर्याय टिक करत जा, वेळ घालवू नका, बाहेर दुसरी बॅच उभी आहे. सिलॅबसच्या प्रश्नाला सगळ्यात वरचा पर्याय होता ८५ ते १०० टक्के. त्या वर्षी फिजिकल केमिस्ट्रीच्या दोन युनिटला वर्गात हातही लागला नव्हता, कारण शिकवणारे सर दिवाळीनंतर सोडून गेले होते. मी ८५ ते १०० वर टिक केलं. शेवटच्या मोकळ्या जागेत काय लिहायचं ते फळ्यावर इंग्रजीत लिहून दिलं होतं, ते उतरवलं, सबमिट केलं, सही केली आणि बाहेर आले. त्या दिवशी एसटीत माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली, आपण खोटं लिहिलं ना गं. मी म्हटलं, सगळ्यांनीच लिहिलं. हे माझं वाक्य माझ्या डोक्यातून नंतर गेलंच नाही.

एसवायला गेल्यावर मी एक दोनशे पानी वही आणली आणि लेडीज रूममध्ये मैत्रिणींना सांगितलं की ज्याला कॉलेजबद्दल जे खरं वाटतं ते वेगळ्या कागदावर लिहून मला द्या, चांगलं वाटत असेल तर चांगलं, वाईट वाटत असेल तर वाईट. नाव नको, रोल नंबर नको. मी ते माझ्या अक्षरात वहीत उतरवीन आणि तुमचा कागद तुमच्यासमोर फाडीन. अक्षराची भीती सगळ्यांनाच होती, कारण जर्नल तपासणाऱ्या सरांना आमची सगळ्यांची अक्षरं पाठ आहेत. पहिल्या आठवड्यात तीनच कागद आले. मग हळूहळू यायला लागले, आमच्या वर्गातल्या एका मुलाने मुलांकडून आणून दिले, आर्ट्सच्या मुलींनी दिले, सेमिस्टर संपेपर्यंत नव्वदच्या आसपास जणांचं लिहून झालं होतं. त्यातलंच तुम्हाला सांगतेय, वाक्यं त्यांची आहेत, मी फक्त अक्षर दिलंय.

सगळ्यात जास्त वेळा काय आलं असेल तर पाणी आणि संडास. मुलींच्या जवळजवळ प्रत्येक कागदावर ते आहे. एकीने लिहिलं होतं, "मी सकाळी साडेसातला घरून निघते आणि संध्याकाळी सहाला पोचते, मध्ये पाणी पीत नाही, म्हणजे जावं लागत नाही." दुसऱ्या एकीला मूतखड्याचा त्रास सुरू झाला, डॉक्टरांनी सांगितलं भरपूर पाणी पी, तिने विचारलं होतं की भरपूर पाणी पिऊन मी जाऊ कुठे. टाकी आहे, नळ आहेत, पण वरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर बंद आणि सकाळी भरलेलं पाणी अकरा-साडेअकराला संपतं. नॅकच्या वेळी सॅनिटरी पॅडचं मशीन बसवलं होतं, त्यात पाच रुपयाचं नाणं टाकायचं, ते टीम आली त्या दोन दिवशी भरलेलं होतं, नंतर मी तरी त्यातून पॅड निघालेलं बघितलं नाही. पाळीच्या दिवसात किती मुली कॉलेजला येत नाहीत हे हजेरीपटावर कोणालाही दिसेल पण तसं बघायला पाहिजे ना कोणीतरी. आणि मग त्याच मुलींचं नाव ७५ टक्के हजेरी नाही म्हणून डिफॉल्टर लिस्टमध्ये लागतं.

प्रॅक्टिकलबद्दल सायन्सच्या पोरांनी फार मनापासून लिहिलंय. सायन्स घेतलेल्या पोराला प्रयोग करायचा असतो हो, त्याचसाठी तर तो आलेला असतो. एका मुलाने लिहिलं, "तीन वर्षात मी ब्युरेटचा नॉब स्वतःच्या हाताने चार वेळा फिरवला, बाकीच्या वेळी बघितलं." आमच्याकडे एका ब्युरेटमागे, म्हणजे द्रावण मोजून थेंबथेंब सोडायच्या नळीमागे, सहा जण असतात. एक जण टायट्रेशन करतो, एक जण रीडिंग लिहितो, बाकीचे मागे उभे राहून फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग आला का एवढं बघतात, आणि तोही कधीकधी येत नाही कारण सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण जुनं असतं. मग गेल्या वर्षीच्या सिनियरचं जर्नल काढायचं, त्यातली रीडिंग थोडी इकडे-तिकडे करून उतरवायची, तीन रीडिंग सारखी आली पाहिजेत म्हणून सारखी लिहायची. मायक्रोस्कोप आहेत पण अर्ध्याहून जास्त आरसे नाहीतर लेन्स नसलेले. डिजिटल वजनकाटा कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते आले तरच तो बाहेर येतो. मी स्वतः लिहिलं होतं की मला पुढे एमएस्सी करायचीय, छत्रपती संभाजीनगरला नाहीतर पुण्याला, आणि तिथे गेल्यावर जेव्हा मला पिपेट हातात देतील तेव्हा माझा हात थरथरेल याची मला आत्तापासून भीती वाटते.

एक कागद असा होता की मी तो तीनदा वाचला. "मला केमिस्ट्री कळत नाही असं नाही. मला इंग्रजी कळत नाही. सर मराठीत सांगतात तेव्हा कळतं, पेपरात इंग्रजीत येतं तेव्हा तेच कळत नाही. पण हे विचारलं तर सर म्हणतात मग आर्ट्सला जायचं होतं." असं लिहिणारे आठ-दहा जण होते. आमच्यातले बरेच जण दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या नाहीतर गावातल्या संस्थेच्या शाळेत मराठीतून शिकलेले, अकरावीला एकदम सगळं इंग्रजीत, ते दोन वर्षं कसंतरी पाठ करून काढली आणि इकडे आले. पोरगा मागच्या बाकावर का बसतो, प्रश्न का विचारत नाही, याचं कारण हे असतं आणि ते त्याने तोंडाने कधीच सांगितलं नसतं, कारण सांगायला लाज वाटते. कागदावर नाव नव्हतं म्हणून सांगितलं. निदान पहिल्या सेमिस्टरला रोज अर्धा तास फक्त शब्द समजावून सांगितले असते तरी किती फरक पडला असता.

आता ऊसतोडीचं. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं कारखान्यांवर जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि मार्च-एप्रिलला परत येतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात त्यामुळे जाणं चुकत नाही. एका मुलीने लिहिलं होतं, "आई-बाप कोयत्यावर गेले की घरात मी, आजी आणि दोन भाऊ. सकाळी भाकरी करून, म्हशीचं बघून, भावांना शाळेत पाठवून मग मी निघते, पहिला तास रोज बुडतो. सरांनी वर्गात सगळ्यांसमोर विचारलं झोप झाली का मॅडम. मी काहीच बोलले नाही." ही मुलगी कोण आहे हे मला माहीत आहे आणि ती आमच्या वर्गात पहिल्या पाचात असते. त्या सरांना जर हे माहीत असतं तर ते तसं बोलले नसते, ते वाईट माणूस नाहीत, माझं स्वतःचं मत आहे की त्यांनी विचारलंच नाही कधी. एका मुलाने याच्या उलट लिहिलं होतं, की मला कॉलेज आवडतं कारण जोपर्यंत कॉलेजात नाव आहे तोपर्यंत घरचे मला कोयता हातात घे म्हणत नाहीत. एवढीच ओळ होती त्याची.

शिक्षकांबद्दल काय लिहितील याची मला धाकधूक होती, कारण अक्षर माझं होतं. पण खरं सांगते, पोरांनी चांगल्या शिक्षकांबद्दल इतकं भरभरून लिहिलंय की मीच चकित झाले. आणि त्यातले बहुतेक तासिका तत्त्वावरचे निघाले. सीएचबीचे सर म्हणजे ज्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात, सुट्टीचे मिळत नाहीत, आणि जे मिळतात तेही महिनोन्महिने येत नाहीत. आमचे झूलॉजीचे एक सर सकाळी आमच्याकडे आणि दुपारनंतर दुसऱ्या गावच्या कॉलेजात शिकवतात, प्राध्यापकीसाठीच्या नेट-सेट परीक्षा दोन्ही झालेल्या, पीएचडी झालेली, आमच्याच एसटीने येतात, कधी जागा नसली तर आमच्याबरोबर उभे राहतात. एका पोराने लिहिलं होतं, "सरांनी फळ्यावर हृदयाची आकृती काढली तेव्हा वर्गात आवाज नव्हता. पण सरांना बघून मला प्रोफेसर व्हायचं नाही." हे वाचून मला फार वाईट वाटलं. कायम जागा वर्षानुवर्षं भरल्या नाहीत हे तुम्ही पेपरात छापता, प्राध्यापकांच्या संघटना आंदोलन करतात त्याच्या बातम्या येतात, पण त्याचं आमच्या वर्गात काय होतं ते हे असं होतं. चांगला माणूस मध्येच सोडून जातो, दुसरा यायला दीड महिना लागतो, तोपर्यंत युनिट तसंच राहतं आणि परीक्षेत त्याच्यावर प्रश्न येतो.

लायब्ररीतल्या काकांबद्दल बारा जणांनी लिहिलंय! ते एका कार्डावर दोनच पुस्तकं द्यायची असताना स्पर्धा परीक्षावाल्या पोरांना ओळखीवर तिसरं देतात, कोणाची फी राहिली म्हणून कार्ड बंद असेल तर स्वतःच्या नावावर पुस्तक काढून देतात. एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराबद्दल पण मुलींनी फार छान लिहिलंय. सात दिवसांचं निवासी शिबिर असतं, कितीतरी मुली त्या आधी घर सोडून एक रात्रही बाहेर राहिल्या नव्हत्या. एकीने लिहिलं, "शिबिरात मी पहिल्यांदा पुरुष माणसाला, म्हणजे आमच्या सरांना, पन्नास जणांसाठी कांदा चिरताना बघितलं आणि घरी जाऊन भावाला सांगितलं." मला कॉलेजबद्दल नुसती तक्रार करायची नाहीये हे कळावं म्हणून पण हे लिहितेय, आमचं कॉलेजवर प्रेम आहे, नसतं तर नव्वद जणांनी वेळ काढून कागद लिहिले नसते.

पोरांनी स्वतःबद्दलही खरं लिहिलंय. बरेच मुलगे फक्त परीक्षेला येतात, नाव इथे आणि दिवसभर अभ्यासिकेत नाहीतर ग्राउंडवर, पोलीस भरतीसाठी. एकाने सरळ लिहिलं, "मी तासाला बसत नाही. १६०० मीटर किती सेकंदात होतं यावर माझं आयुष्य आहे, ऑरगॅनिक केमिस्ट्रीवर नाही." त्याला चूक तरी कसं म्हणणार. सरकारच्या महाडीबीटी वेबसाइटवरून मिळणाऱ्या स्कॉलरशिपबद्दल खूप आलं, अर्ज महिनोन्महिने कॉलेजच्याच लॉगिनला अडकून पडतो आणि खिडकीवर विचारायला गेलं की उद्या या. टीसी, मार्कलिस्ट फीसाठी अडवून ठेवल्याचं पाच-सहा जणांनी लिहिलंय, मूळ कागदपत्रं कॉलेजने अडकवायची नाहीत असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगून किती वर्षं झाली तरीसुद्धा. आमच्या खालच्या बॅचपासून नवीन शैक्षणिक धोरण आलं, त्या पोरांना ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आवडीचा विषय निवडता येणार असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात ज्या विषयाला शिक्षक आहे तोच सगळ्यांनी निवडला. एकीला मराठी साहित्य घ्यायचं होतं सायन्सबरोबर, मराठीचा तास आणि तिचं प्रॅक्टिकल एकाच वेळी आलं, संपलं.

आणि एसटी. शेवटची सोयीची गाडी पावणेपाचची. कॉलेजात जे काही चांगलं होतं, पाहुण्यांचं व्याख्यान, गॅदरिंगची प्रॅक्टिस, लायब्ररीत निवांत बसणं, ते सगळं त्यानंतर. घरून निघताना प्रत्येकीला सांगितलेलं असतं की गाडी चुकली तर उद्यापासून कॉलेज बंद. त्यामुळे तालुक्याच्या गावात राहणाऱ्यांचं कॉलेज वेगळं आणि आमचं वेगळं.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग तुम्ही बोलत का नाही, तक्रारपेटी आहे, फीडबॅक फॉर्म आहे. तर ते का होत नाही तेच मला मुख्य सांगायचंय. फीडबॅकचा ऑनलाइन फॉर्म भरताना आधी पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायमचा नोंदणी नंबर टाकावा लागतो. कागदी फॉर्मवर सगळ्यात वर नाव, वर्ग, रोल नंबर. इंटर्नलचे मार्क ज्यांच्या हातात आहेत, प्रॅक्टिकलची परीक्षा जे घेणार आहेत, त्यांच्याच हातात तो फॉर्म द्यायचा. तक्रारपेटी प्राचार्यांच्या केबिनच्या दारात आहे, समोर शिपाई काका बसलेले असतात, कोण चिठ्ठी टाकतंय ते सगळ्या व्हरांड्याला दिसतं. आणि याच्याहून मोठं म्हणजे छोटं गाव. पुण्या-मुंबईच्या पोरांना हे कदाचित कळणार नाही. ऑफिसमधले क्लार्क आमच्या गावचे जावई आहेत. एक सर वडिलांच्या वर्गात होते. संस्था ज्यांची आहे त्यांच्याच सोसायटीचं कर्ज कोणाच्या घरी असतं, त्यांच्याच कारखान्याला कोणाचा ऊस जातो, त्यांच्याच शाळेत कोणाचा भाऊ शिपाई म्हणून लागायचाय. पोरगी कॉलेजात काही बोलली तर संध्याकाळी बापाला चावडीवर कळतं. माझ्या एका मैत्रिणीने ब्युरेटच्या प्रॅक्टिकलबद्दल नुसतं तोंडी विचारलं होतं तर तिसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना लग्नात कोणीतरी म्हणालं, पोरगी लई बोलती म्हणे. वडिलांनी घरी येऊन तिला एवढंच सांगितलं, डिग्री होईपर्यंत गप राहा.

मी ती वही, म्हणजे तिची एक प्रत, टीवायच्या सुरुवातीला प्राचार्यांकडे घेऊन गेले. घरी न सांगता. त्यांनी मला बसायला सांगितलं, दोन पानं वाचली, पाणी-संडासाचं पान जरा जास्त वेळ वाचलं असं मला वाटलं. मग म्हणाले, हे निनावी आहे, याच्यावर मला काही करता येत नाही, ज्यांची तक्रार आहे त्यांनी नावानिशी लेखी अर्ज करावा. मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, अर्ज कोण करणार. कोणीच नाही केला. मीसुद्धा नाही केला, इंटर्नल बाकी होतं. पण आठ दिवसांनी मोटर दुरुस्त झाली. आता दुपारी दोन-अडीचपर्यंत पाणी असतं. म्हणजे बघा, खरं काय ते त्यांच्यापर्यंत पोचलं तर त्यांनी केलं की, नाव कोणाचंही नसताना केलं. मग नावाचा आग्रह कशासाठी?

नियम चांगले आहेत हे मी वाचून काढलंय. यूजीसीने २०२३ ला विद्यार्थी तक्रार निवारणाची नियमावली आणली, प्रत्येक कॉलेजात समिती पाहिजे, त्यात विद्यार्थी प्रतिनिधी पाहिजे, १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, नाही पटलं तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जायचं. आमच्या कॉलेजात ही समिती वेबसाइटवर आहे. त्यातला विद्यार्थी प्रतिनिधी कोण हे आम्ही शोधलं तर तो दोन वर्षांपूर्वी पास होऊन गेलेला मुलगा निघाला, त्यालाही माहीत नव्हतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका परत आणल्या, १९९४ पासून थेट निवडणुका बंद होत्या त्या सुरू होणार म्हणून माझा चुलत भाऊ तेव्हा कॉलेजला असताना किती खूश होता, २०१९ ला होणार होत्या, विधानसभेमुळे पुढे गेल्या, मग कोरोना आला. मी तीन वर्षांत एकदाही मत दिलेलं नाही. लोकसभेला दिलं, विधानसभेला दिलं, कॉलेजात सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी कोण हे मात्र सर ठरवतात. निवडणुकीत मारामाऱ्या होतात, पक्ष घुसतात, हे वडीलधारी सांगतात आणि ते खोटं नाही, पण मग दुसरं काय ठेवलंय आमच्यासाठी?

आणि नॅकचं म्हणाल तर २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयने तपासणी समितीच्या अध्यक्षासकट काही जणांना लाचेच्या प्रकरणात पकडलं, आंध्रातल्या एका संस्थेचं प्रकरण होतं, तुमच्याच पेपरात वाचलं. आमच्या वर्गात त्यावर कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. वीस वर्षांच्या पोरांना अशा बातमीचं काही वाटू नये याचं मला जास्त वाईट वाटलं. दोन दिवस आलेल्या पाहुण्यांना रंगवलेली भिंत दाखवता येते, मोटर चालू करून दाखवता येते. रोज तिथे असणाऱ्या पोरांकडून जर खरं कळून घेतलं, तर भिंत रंगवून उपयोग होणार नाही हे कॉलेजला पण कळेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की आमचं मत घेताना नाव, रोल नंबर, पीआरएन काहीही घेऊ नका. कागद असू द्या, बॉक्स असू द्या, तो दुसऱ्या कॉलेजच्या माणसाने येऊन उघडावा, म्हणजे आमच्या सरांना अक्षर दिसणार नाही. आणि त्यात काय निघालं ते नोटीस बोर्डावर लावा, चांगलं पण लावा, वाईट पण लावा, आणि सेमिस्टर संपायच्या आत खाली लिहा की यातलं हे केलं, हे नाही केलं, पैसे नाहीत म्हणून नाही केलं असंसुद्धा लिहा, आम्ही समजून घेऊ. अनुदानित कॉलेजला पैसे कुठून येतात, किती येतात, हे आम्हाला सांगितलं तर कळतं, आम्ही शेतकऱ्यांची लेकरं आहोत, पैसा नसणं काय असतं ते आम्हाला कोणी शिकवायला नको.

संपादक साहेब, तुमच्याकडे पण एक मागणं आहे. येत्या जूनमध्ये प्रवेशाची पुरवणी काढाल तेव्हा त्यात अर्धं पान मुलांना द्या. तुमचा बातमीदार प्रत्येक तालुक्यात आहे. त्याला सांगा, कॉलेजच्या गेटवर नको, एसटी स्टँडवर उभा राहा, पावणेपाचच्या गाडीच्या वेळेला, आणि मुलींना विचार की आज दुपारनंतर पाणी होतं का. जाहिराती येतात त्यांच्याविरुद्ध छापणं अवघड असतं हे मला कळतं, कॉलेजचं नाव नका छापू, नुसतं मुलं काय म्हणतात ते छापा. ज्या आई-बापाला उचलीच्या पैशातून पोरीची फी भरायचीय त्याला हे वाचायचा हक्क आहे असं मला वाटतं.

वहीत अजून साठ-एक पानं कोरी आहेत. मी मे महिन्यात बाहेर पडेन, त्यामुळे गेल्या आठवड्यात ती वही एफवायच्या दोन मुलींकडे दिली, त्यांनीच मागितली. त्यांना सांगितलंय की कागद फाडताना समोरच्यासमोर फाडायचा.

पत्र छापलंत तर माझं नाव छापू नका, तालुक्याचं पण नको. सोबत माझा पत्ता आणि फोन नंबर वेगळ्या कागदावर दिलाय, तो फक्त तुमच्या खात्रीसाठी.

आपली,
एक विद्यार्थिनी, बीएस्सी तृतीय वर्ष
जि. बीड